रुग्णाला मिळालेली खुर्ची

समलिंगी माणसांनी समाजाला काय दिलं, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल थोरांची नावं पुढे केली जातात. ॲलन ट्युरिंग, चायकोव्हस्की, आणखी दोन-चार लेखक-चित्रकार. नावं खरी आहेत, पण त्यांनी फारसं काही सिद्ध होत नाही. ट्युरिंगचं गणित त्याच्या बुद्धीचं होतं, आणि कुठलाही शोध न लावलेल्या, बँकेत कारकुनी करणाऱ्या समलिंगी माणसाने अभिमान कशाचा बाळगायचा, हा प्रश्न तसाच राहतो. माझ्या मते या लोकांनी एक समाज म्हणून, साध्यासुध्या माणसांच्या हातून केलेलं सर्वांत मोठं काम एड्सच्या साथीतलं आहे. आजारी माणूस आणि वैद्यकसत्ता यांच्यातलं नातं त्यांनी बदललं, आणि त्याचा फायदा समलिंगी नसलेल्या लाखो लोकांना झाला.

जून 1981मध्ये अमेरिकेत या आजाराची पहिली नोंद झाली, तेव्हा सरकार जवळजवळ गप्प होतं. अध्यक्ष रेगन यांचं या विषयावरचं पहिलं मोठं भाषण थेट 1987मध्ये झालं. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांनी 1982मध्ये स्वतःची मदतसंस्था उभी केली, दूरध्वनीवर सल्ला द्यायला स्वयंसेवक बसवले, एकट्या पडलेल्या रुग्णांच्या घरी माणसं पाठवली. 1983मध्ये मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ या दोघांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या सल्ल्याने एक पुस्तिका काढली आणि तीत निरोधचा आग्रह धरला. त्या वेळी आजाराचं कारण विषाणू आहे हेसुद्धा निश्चित झालेलं नव्हतं. त्याच वर्षी डेन्व्हरच्या आरोग्य परिषदेत काही रुग्ण व्यासपीठावर गेले आणि त्यांनी जाहीर केलं की आम्हाला ‘बळी’ म्हणू नका. आमच्याविषयीचे निर्णय जिथे होतात तिथे आम्हाला बसायला जागा द्या. आज कर्करोगापासून दुर्मीळ आजारांपर्यंतच्या रुग्णसंघटना हीच मागणी करतात. त्यांतल्या कितीजणांना डेन्व्हर ठाऊक असेल, कोण जाणे.

पुढचा टप्पा औषधांचा. 1987मध्ये मंजूर झालेल्या एझेडटी या पहिल्या औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे दहा हजार डॉलर होता, आणि नव्या औषधांच्या चाचण्या वर्षानुवर्षं चालायच्या. ‘ॲक्ट अप’ या संघटनेने 11 ऑक्टोबर 1988 रोजी मेरिलँडमधल्या अमेरिकी औषध प्रशासनाच्या इमारतीला वेढा घातला. घोषणा देणाऱ्यांनी आधी अभ्यास केला होता, हे इथे महत्त्वाचं. आयरिस लाँग या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना चाचण्यांची रचना, संख्याशास्त्र, विषाणूचं जीवशास्त्र शिकवलं. मग चाचणीत न बसणाऱ्या रुग्णांनाही प्रायोगिक औषध मिळण्याची सोय झाली, चाचण्यांच्या समित्यांवर रुग्णांचे प्रतिनिधी बसले, आणि 1992मध्ये गंभीर आजारांच्या औषधांना लवकर मंजुरी देण्याचा नियम आला. कर्करोगाची कितीतरी औषधं पुढे याच वाटेने बाजारात आली. घाईचे धोकेही दिसले. निरोगी दिसणाऱ्या बाधितांना एझेडटी लवकर देऊन दीर्घकालीन लाभ होत नाही, हे युरोपातल्या मोठ्या चाचणीत उघड झालं. तेव्हा त्याच चळवळीतल्या एका गटाने 1994मध्ये प्रशासनाला सांगितलं की पुढचं औषध घाईने मंजूर करू नका, आधी मोठी चाचणी घ्या. पुराव्यापुढे स्वतःची घोषणा मागे घेणारी आंदोलनं मला फारशी आठवत नाहीत.

सर्वांत लख्ख उदाहरण मात्र दक्षिण आफ्रिकेचं. तिथे एचआयव्हीची लागण प्रामुख्याने स्त्री-पुरुष संबंधांतून आणि आईकडून बाळाला होत होती. झॅकी अकमत हे उघडपणे समलिंगी असलेले कार्यकर्ते. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर 1998मध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ सुरू झालं. सरकारी दवाखान्यांत औषध मिळत नाही तोवर आपणही घेणार नाही, असं या बाधित माणसाने जाहीर केलं आणि 2003पर्यंत पाळलं. यात मुंबईचाही वाटा आहे. फेब्रुवारी 2001मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला 350 डॉलरला देऊ केला. तोवर त्याला दहा-पंधरा हजार लागत. स्वस्त औषध आणि ते मागणारी चळवळ, दोन्ही एकाच वेळी हजर होती. जुलै 2002मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने सरकारला आदेश दिला की गर्भवतींना बाळाची लागण रोखणारं नेव्हिरॅपिन द्या. एका समलिंगी माणसाने उभ्या केलेल्या लढ्यातून आया आणि त्यांची बाळं वाचली.

यावर आक्षेप येतील. पहिला, हे लोक स्वतःचा जीव वाचवत होते, त्यात परोपकार कसला? नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1890मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तीही दमलेल्या कामगारांसाठीच होती. त्याने तिची किंमत कमी होत नाही. दुसरा आक्षेप कडवा आहे: आजार पसरवला त्यांनीच. समलिंगी पुरुष संबंधांसाठी जमत ती सॅन फ्रान्सिस्कोची स्नानगृहं बंद करायला 1984मध्ये त्याच समाजातल्या काहींनी विरोध केला, हे नाकारता येत नाही. पण त्याच शहरातल्या समलिंगी पुरुषांमधलं जुन्या गुप्तरोगांचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत झपाट्याने उतरलं. पोलिसांनी सांगून नव्हे, एकमेकांना समजावून. तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. हे श्रेय एकट्या समलिंगींचं नाही. परिचारिका, हिमोफिलियाचे रुग्ण, कृष्णवर्णीय स्त्रिया, सगळे त्यात होते. पण मशाल प्रथम कुणी धरली, हे सांगितल्याने इतरांचा वाटा कमी होत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट असावी: हक्क हे चांगल्या कामाचं बक्षीस नव्हे. काहीच न केलेल्या समलिंगी माणसालाही ते तितकेच आहेत.

भारतातही हा अनुभव आहे. मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ 1994पासून एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करतो. लखनौमध्ये 2001 साली असंच काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दीड महिना तुरुंगात काढावा लागला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377मुळे प्रतिबंधाच्या कामात अडथळा येतो, हे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेच 2006मध्ये न्यायालयाला सांगितलं. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं 2018मध्ये रद्द झालं. तरीही 2017च्या रक्तदात्यांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी समलिंगी पुरुषांना कायमचं वगळलं आहे, आणि त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे. भीती अगदीच निराधार नाही: या गटात लागणीचं प्रमाण जास्त आहे, आणि ताजी लागण लवकर पकडणारी चाचणी आपल्या प्रत्येक रक्तपेढीत होत नाही. पण एकनिष्ठ समलिंगी जोडप्याला त्याचं वर्तन न पाहता सरसकट नकार, यात शास्त्र कमी आणि शिक्का जास्त आहे. ब्रिटनने 2021मध्ये आणि अमेरिकेने 2023मध्ये प्रत्येक दात्याला त्याच्या वर्तनाविषयी सारखेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आपल्या आरोग्य मंत्रालयाने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता तेच करावं, आणि चांगल्या चाचणीवर पैसे खर्चावेत.