जुनी एम5 की नवी?



माझ्याकडे 2002 ची बीएमडब्ल्यू एम5 आहे, ई39 पिढीची, सेकंडहँड घेतलेली. परवा मित्राची नवी जी90 चालवली आणि डोक्यात आकडेमोड सुरू झाली.

जुनीत 4.9 लिटरचं व्ही8 इंजिन, 400 अश्वशक्ती, वजन सुमारे 1,720 किलो. नवीत 4.4 लिटरचं ट्विन-टर्बो व्ही8, जोडीला इलेक्ट्रिक मोटर. एकूण 727 अश्वशक्ती, पण वजन 2,435 किलो! म्हणजे ताकद 82 टक्के वाढली, दर टनामागे मात्र जेमतेम 28 टक्के. बाकीची स्वतःचंच ओझं ओढण्यात गेली.

तरी 0 ते 100 किमी वेग 5.3 ऐवजी 3.5 सेकंदांत येतो. शिवाय साधारण 25 मैल निव्वळ विजेवर. माझं ऑफिसला जाणं-येणं त्यात बसतं. बायकोचा कौल कुणाला, हे सांगायला नकोच!

पण जुनीत फक्त सहा गिअरचा मॅन्युअल, नवीत फक्त ऑटोमॅटिक. गिअर चुकला की जुनी लगेच बोलून दाखवते; नवी चूक करूच देत नाही.

जुनी विकायचा विचार होता, तो रद्द. लेक आज सहा वर्षांची आहे. क्लच तिला याच गाडीवर शिकवणार. आणखी दहा वर्षं टिकली, म्हणजे मिळवली!