एमीची डायरी

(ज्यांना 'गॉन गर्ल' अजून बघायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं रहस्य फोडलंय.)

गिलियन फ्लिनची कादंबरी २०१२ ची, डेव्हिड फिंचरचा सिनेमा २०१४ चा. आम्ही नवरा-बायकोने तो इतक्या वर्षांनी, गेल्या शनिवारी पाहिला. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी मिसुरीतल्या एका छोट्या गावातून एमी गायब होते. संशय नवऱ्यावर, म्हणजे निकवर. अर्ध्यात कळतं की हा सगळा बनाव बाईसाहेबांचाच!

एमीमुळे बायकांची बदनामी होते, अशी टीका तेव्हा बरीच झाली. त्यावर फ्लिनचं म्हणणं असं की बायकांनाही वाईट असण्याचा हक्क हवा. मला तिचं पटतं. पण मला भीती वाटली ती एमीच्या दुष्टपणाची नाही, तिच्या डायरीची.

स्वतःचं रक्त काढून सांडणं, गरोदर शेजारणीची लघवी चोरणं, ही कारागिरी झाली. डायरी त्याच्या पलीकडची आहे. त्यातले सुरुवातीचे प्रेमाचे दिवस खरे आहेत, खोटं पुढे सुरू होतं. माझा दिवस प्रयोगांची रीडिंग तपासण्यात जातो. संपूर्ण बनावट डेटा सहसा पकडता येतो. खऱ्यात मिसळलेला, तोही आपल्याला हव्या त्या उत्तराकडे नेणारा, आपण तपासतच नाही. पोलीस फसले, टीव्हीवाले फसले, आणि सोफ्यावर बसलेला मीसुद्धा.

पीएचडीच्या काळात इथल्या आमच्या ओळखीतलं एक मराठी जोडपं वेगळं झालं. ती आमच्याकडे येऊन रडली. तो आलाच नाही. आम्ही मंडळींनी निकाल लावून टाकला, आणि दिवाळीच्या पॉटलकची मेल त्याला जाणं बंद झालं. ती खोटं बोलत होती असं मला आजही म्हणायचं नाही. बहुधा खरंच सांगत असेल. पण त्याला "काय झालं रे?" असं एकानेही विचारलं नाही. परदेशात आठ-दहा घरांचाच गोतावळा असतो. त्यातून बाहेर पडलेला माणूस कुठे जाणार?

सिनेमा संपल्यावर बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "निक तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होता? विद्यार्थिनीबरोबर लफडं, आणि वर पोलिसांपासून लपवाछपवी!"

तेही खरंच. त्या मित्राचा नंबर मात्र अजून माझ्या फोनमध्ये आहे. चालू आहे की नाही, देव जाणे.