एचआयव्हीची सुप्तावस्था आणि पेशीतील ऊर्जेचा हिशेब

सडक्या अंड्यांच्या दर्पामुळे सर्वांना ठाऊक असलेला हायड्रोजन सल्फाइड हा वायू मानवी पेशीत अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि एचआयव्ही विषाणूला निद्रिस्त ठेवण्यास हातभार लावतो, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. प्रा. अमित सिंग यांच्या नेतृत्वाखालील गटाचे हे काम 'ईलाइफ' या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झाले. बातमी म्हणून ते विचित्र वाटले, तरी त्यामागे एचआयव्ही संशोधनातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. औषधांपुढे निष्प्रभ ठरलेला हा विषाणू शरीरातून कायमचा जात का नाही, हा तो प्रश्न होय.

भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ मध्ये तेव्हाच्या मद्रासमध्ये लागला. त्या कामाची धुरा वाहणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यानंतरची कित्येक वर्षे हे निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच मानली जाई. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांतून विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला आणि चित्र पालटले. २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख एचआयव्हीबाधित असून संख्येच्या दृष्टीने महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आहे. नियमित औषधे घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो आणि तो इतरांप्रमाणे नोकरी, संसार करू शकतो. मात्र गोळ्या थांबवल्या की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. पंधरा वर्षे एकही गोळी न चुकवलेल्या व्यक्तीचीही यातून सुटका नाही.

याचे कारण विषाणूच्या जातकुळीत आहे. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस आहे. आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करून ती नक्कल तो यजमान पेशीच्या गुणसूत्रातच गुंफून टाकतो. बहुतेक बाधित पेशी लवकर मरतात. काही थोड्या पेशी, विशेषतः प्रतिकारशक्तीची 'स्मृती' जपणाऱ्या सीडी-४ पेशी, विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि त्यांच्यासोबत विषाणूही गप्प होतो. तो काहीच निर्माण करीत नसल्याने औषधांना प्रहार करण्यास लक्ष्य उरत नाही आणि प्रतिकारशक्तीलाही त्याचा सुगावा लागत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये केलेल्या मोजणीनुसार हा छुपा साठा निम्म्यावर येण्यास ४४ महिने लागतात. या गतीने तो संपूर्ण नष्ट व्हायला ७० हून अधिक वर्षे लागतील. औषधे जन्मभर घ्यावी लागतात, ती याच हिशेबामुळे.

आजवर या साठ्याचा विचार प्रामुख्याने जनुकांच्या अंगाने झाला. विषाणूची जनुके कोठे गुंफली गेली आणि ती कोणत्या प्रथिनांनी झाकली, असे त्याचे स्वरूप होते. गेल्या काही वर्षांत लक्ष पेशीच्या चयापचयाकडे, म्हणजे ती अन्न कसे वापरते आणि ऊर्जा कशी मिळवते याकडे वळले आहे. विषाणूला स्वतःची चूल नाही; त्याचा स्वयंपाक यजमानाच्याच शिध्यावर चालतो. विश्रांती घेणाऱ्या पेशीत डीएनए बनवण्याचा कच्चा माल मुळात तुटपुंजा असतो. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले की, ग्लुकोज व ग्लुटामाइन अधिक वापरणाऱ्या पेशींनाच एचआयव्ही प्राधान्याने बाधित करतो. संसर्ग झाल्यावर तो पेशीचा ग्लुकोजचा वापर आणखी वाढवतो. दप्तरी भाषेत सांगायचे तर मागणी वाढवणे आणि पुरवठा वळवून घेणे, ही दोन्ही कामे तो करतो.

हे केवळ एचआयव्हीपुरते मर्यादित नाही. १९८० मध्ये शोध लागलेल्या एचटीएलव्ही-१ या मानवी रेट्रोव्हायरसबाबत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१७ मध्ये केलेला अभ्यासही त्याच दिशेला जातो. प्राणवायू कमी झाला की हा विषाणू अधिक जागा होतो आणि पेशीचे ग्लुकोज-विघटन रोखले की तो शांत होतो, असे त्यात आढळले. दोन वेगळे विषाणू यजमानाच्या ऊर्जेच्या स्थितीवरून आपली वेळ ठरवतात, ही बाब योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

बंगळुरूच्या गटाने या प्रश्नाला हात घातला तो मोजमापाच्या बाजूने. पेशीतील ऑक्सिडीकरणाचा ताण मोजण्याच्या जुन्या पद्धतींत पेशी फोडावी लागे. या गटाने जिवंत पेशीतच चमकणारे, ताण वाढताच प्रकाशाचा गुणधर्म बदलणारे प्रथिन वापरले आणि ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूची स्थिती मिलिव्होल्टमध्ये नोंदवली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुप्त विषाणू असलेल्या पेशीत हे मूल्य सुमारे उणे ३१० मिलिव्होल्ट होते. विषाणूची वाढ जोमात असताना ते उणे २४० च्या वर गेले. सर्वांत लक्षवेधी आकडा मात्र लहान आहे. केवळ २५ मिलिव्होल्टच्या आसपासची वाढ विषाणूला जागे करण्यास पुरेशी ठरली.

हा ताण प्रत्यक्ष शरीरात कोठून येत असेल? भारतात त्याचे एक उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे प्रमुख कारण क्षयच आहे. याच गटाने २०२० मध्ये दाखवले की, क्षयाच्या जंतूंनी बाधित झालेल्या पेशी सूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. या पिशव्या एचआयव्ही दडलेल्या पेशींपर्यंत पोहोचल्या की तेथील ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, प्राणवायूच्या वापराची घडी बदलते आणि विषाणू सक्रिय होतो. क्षय व एचआयव्ही एकमेकांना बळ देतात हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होते. त्यामागील रासायनिक निरोप्या आता दिसू लागला आहे. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत हा प्रश्न इतक्या निकडीने विचारला गेला नसता, असे म्हणण्यास जागा आहे.

हायड्रोजन सल्फाइडचा अभ्यास या साखळीतील पुढचा दुवा ठरतो. विषाणू जागा होतो तेव्हा हा वायू तयार करणारे विकर घटते, असे संशोधकांना दिसले. ते विकर मुद्दाम दाबले असता पेशीच्या तंतुकणिकांचे, म्हणजे ऊर्जाकेंद्रांचे, कार्य बिघडले आणि विषाणू उठला. उलट, हा वायू हळूहळू सोडणारे 'जीवायवाय ४१३७' हे रसायन दिल्यावर तो पुन्हा दबला. औषधोपचार सुरू असलेल्या बाधितांच्या रक्तातून काढलेल्या पेशींवरही प्रयोग झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला हे रसायन दिल्यास विषाणूची उसळी रोखली गेली आणि पेशींची ऊर्जानिर्मिती सुधारली. त्याच वर्षी संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ प्रा. जी. मुगेश यांच्या सहकार्याने व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांचा वापर करूनही अशाच प्रकारचा परिणाम नोंदवण्यात आला.

येथे एक बाब नीट समजून घेणे आवश्यक आहे. या प्रयोगात बाधित पेशी नष्ट झाल्या नाहीत. गुणसूत्रात गुंफलेल्या विषाणूचे प्रमाण तेवढेच राहिले. फक्त तो बोलेनासा झाला. जागतिक पातळीवर या संदर्भात दोन विचारप्रवाह आहेत. पहिला म्हणजे विषाणूला मुद्दाम जागे करून संपवणे. व्होरिनोस्टॅट या कर्करोगावरील औषधाने सुप्त विषाणू जागा करता येतो, हे २०१२ मध्ये रुग्णांमध्ये दिसले. मात्र साठा त्याने लक्षणीय घटला नाही. दुसरा म्हणजे विषाणूला इतक्या खोल झोपेत कोंडणे की औषधे थांबवली तरी तो उठू नये. बंगळुरूचे काम दुसऱ्या मार्गाच्या बाजूने झुकते. त्यातील जोखीम उघड आहे. कुलूप किती काळ टिकेल याची खात्री कोणालाच देता येत नाही. पण क्षयासारखा विषाणूला हलवून जागा करणारा रोग सर्वत्र पसरलेल्या देशात विषाणू मुद्दाम जागा करण्याचा मार्ग अधिक धोक्याचा वाटतो.

बंगळुरूतच, जक्कूर येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात, या प्रश्नाचा आणखी एक पैलू पुढे आला. भारतातील बहुसंख्य बाधितांमध्ये एचआयव्हीचा 'सी' उपप्रकार आढळतो, तर जगभरातील प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पेशींत युरोप-अमेरिकेतील 'बी' उपप्रकार असतो. विषाणूची जनुके सुरू करणाऱ्या भागात 'एनएफ-कप्पा-बी' या प्रथिनाला बसण्यासाठी 'बी' मध्ये साधारणपणे दोन जागा असतात, 'सी' मध्ये तीन. प्रा. उदयकुमार रंगा यांच्या गटाने २०१२ मध्ये चार जागा असलेल्या, भारतात पसरू लागलेल्या प्रकाराची माहिती प्रसिद्ध केली. ऑक्सिडीकरणाच्या ताणाला हेच प्रथिन प्रतिसाद देते आणि हायड्रोजन सल्फाइडने दाबले गेले तेही हेच. तेव्हा कुलूप तेच असले तरी भारतीय विषाणूच्या दाराला कड्या वेगळ्या आहेत. 'बी' वर सिद्ध झालेला उपाय येथे जसाच्या तसा लागू पडेल, असे गृहीत धरता येणार नाही.

अशा बातम्यांचा बाजारात विपर्यास होण्यास वेळ लागत नाही. 'अँटिऑक्सिडंट' असे लेबल लावलेल्या चूर्णांनी वा गोळ्यांनी एचआयव्ही बरा होतो, असा अर्थ या संशोधनातून मुळीच निघत नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात प्राणघातक आहे. गटारांत उतरलेल्या सफाई कामगारांचे जीव घेणाऱ्या वायूंत त्याचा समावेश होतो. शिवाय वर सांगितलेला परिणाम शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींतील आहे आणि तोही चालू औषधांच्या जोडीने मिळालेला आहे. तेथून मानवी चाचण्यांपर्यंत जाण्यासाठी मात्रा, सुरक्षितता आणि रसायन नेमक्या पेशींपर्यंत पोहोचवण्याची पद्धत निश्चित व्हावी लागते. तूर्त सरकारी एआरटी केंद्रांवर मोफत मिळणारी, डोल्युटेग्रॅव्हिरचा समावेश असलेली रोजची एक गोळी हाच उपचार आहे. क्षयाची लक्षणे नसलेल्या बाधितांना त्याचा प्रतिबंधक उपचारही तेथेच दिला जातो.