‘बहीण बघेल की!’

थर्ड इयरला आलं की घरी दोनच विषय निघतात: प्लेसमेंट आणि (मुलगी असाल तर) लग्न. आमच्या घरी तिसराही आहे. माझा दादा. वय 24, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. चहात बिस्किट न तुटू देता बुडवण्यात आमच्या घरात त्याचा हात कुणी धरत नाही. नातेवाईक जमले की कुणीतरी विचारतंच, “तुमच्यानंतर याचं काय हो?” लगेच दुसरं कुणी म्हणतं, “बहीण बघेल की!” आणि तीच मंडळी जेवणानंतर मला विचारतात, “पुण्यात जॉब घेणार की बाहेर जाणार?”

मी बघणार आहेच. पण ‘बघेल’ म्हणजे तजवीज नव्हे.

हे आम्हाला कळलं ते एका बँकेच्या काउंटरवर. आजीने दादाच्या नावे ठेवलेल्या एफडीची मुदत संपली म्हणून बाबा गेले. “मुलगा अठराच्या वर आहे, त्याची सही लागेल.” दादा सही म्हणून सूर्य काढतो. “मग पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा.” बाबा चिडले, “अहो, मी बाप आहे त्याचा!” पण आई-बाबांचं आपोआप मिळालेलं पालकत्व कायद्याने अठराव्या वाढदिवसाला संपतं. मुलाला बुटाची नाडी बांधता येवो वा न येवो.

यावर उपाय 1999 सालापासून आहे, राष्ट्रीय न्यास कायदा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. स्थानिक स्तर समितीकडे आई-वडील अर्ज करतात आणि आपल्या पसंतीचा पालक नेमून घेतात. समितीवर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब. बाबांना याचाच राग. “माझ्या पोराचा हिशेब मी कलेक्टरला देऊ?” मला मात्र हीच तरतूद आवडली. उद्या पालक मी असेन. माझ्यावरही कुणाची तरी नजर असलेली बरी.

आता पैशांचं. आपण इंजिनिअर, म्हणून साधं गणित. दादाचा आजचा खर्च महिना 15,000 धरा. महागाई 6 टक्के धरली तर 30 वर्षांनी तोच खर्च 86,000 च्या आसपास जातो. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, पण तो औषधपाण्यापुरता. जुन्या पेन्शनवाल्या सरकारी नोकरांच्या, कमवू न शकणाऱ्या अपंग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आमचे बाबा एमआयडीसीतल्या खासगी कंपनीत, त्यामुळे तो रस्ता बंद.

मग उरतो फ्लॅट. तो दादाच्या नावे केला तर त्याला सांभाळता येणार नाही. माझ्या नावे केला तर मी त्याच्यावरच खर्च करावा असं कुठेच लिहिलेलं नसेल. उद्या मी धंद्यात बुडाले तर? म्हणून 1882 च्या कायद्याखाली खासगी ट्रस्ट करायचा. मालमत्ता ट्रस्टींकडे, लाभ दादाचा. ‘नॉमिनी टाकलाय ना’ म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी: 2023 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीत पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदार पुरतात. अडतं ते त्या शब्दापाशी. आमच्या घरी ‘मृत्युपत्र’ म्हटलं की आई देवाजवळ दिवा लावते.

माझी तक्रार घरच्यांइतकीच सरकारशीही आहे. अपंगत्वाचा दाखला देताना मुलाची जन्मतारीख लिहून घेतातच ना? मग अठरा पूर्ण व्हायच्या आधी घरी एक पत्र पाठवणं इतकं अवघड आहे? आणि आपल्या कॉलेजातही अशी भावंडं असलेले आपण काही जण नक्की असू. कँटीनमध्ये सगळ्यावर बोलतो, यावर नाही.

सबमिशन संपलं की बाबांना वकिलांकडे नेणार आहे. आई म्हणते, आधी परीक्षा होऊ दे. दादाला मात्र मी सांगून ठेवलंय की रिक्षाने जायचंय. तो रोज सकाळी चप्पल घालून दारात उभा असतो.