सीमेवरून : गाडीच्या पोटात काय आहे?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला फोन वाजला. सौभाग्यवतींच्या माहेरचा, संकेश्वरकडचा भाचा बोलत होता. "मामा, गाडी बंद पडली. कोगनोळीतच आहे, टोलनाक्याच्या अलीकडं." तिने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. मग अत्ती-भाच्याचं कन्नडमध्ये जे काही झालं त्यातलं "हिंद सप्पळ बर्तैति" एवढं मला नीट कळलं. मागून आवाज येत होता आणि आता गाडी जागची हलत नव्हती.

मी मराठीचा एम.ए. वर्गात विभक्ती आणि प्रत्यय शिकवतो. गाडीतलं मला पेट्रोल, डिझेल आणि हवा याच्या पलीकडे फारसं कळत नव्हतं. पण पाहुण्यांचं पोर रस्त्यावर आणि पिकअपमध्ये कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डाला निघालेले टोमॅटो. चहा न घेताच बाहेर पडलो.

तवंदी घाट ओलांडल्यापासूनच मागच्या चाकांच्या मधून घरघर वाढली होती म्हणे. नाका जवळ आला आणि कडकड झालं. इंजिन चालू, गिअर पडतोय, खालचा प्रॉपेलर शाफ्टही फिरतोय, पण चाकं ढिम्म. माल दुसऱ्या गाडीत भरून दिला. यार्डात पोहोचेपर्यंत सौदे उरकले होते आणि निम्म्यापेक्षा कमी भाव हाती आला. त्यात मेहुण्यांचा फोनवरचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येत होता : जास्त माल भरलास, घाटात दामटलीस, तुला गाडी देऊन चुकलो. पोरगं काही बोललं नाही. मान खाली घालून ऐकत राहिलं.

गाडी ओढून आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. म्हातारा माणूस. माझ्याशी मराठीत आणि भाच्याशी कन्नडमध्ये बोलत होता, मध्येच भाषा बदलतोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. "क्राऊन-पिनियन गेलंय. पर उघडल्याबिगर काय मागवू नगासा," तो म्हणाला. पण वडिलांच्या बोलण्याने भाचा पेटला होता. त्याने शहरातल्या एका दुकानात फोन केला, गाडीचं नाव आणि साल सांगितलं, पैसे पाठवले. दुपारच्या एसटीने खोकं आलं. सील फोडलं, आणि आतल्या क्राऊनच्या बोल्टांची भोकं आमच्या गाडीतल्या भोकांशी जुळेनात. दुकानदार म्हणाला, सील फोडलेला माल परत घेत नाही. तो त्याच्या जागी बरोबर होता. नाव आणि साल सांगितलं ते त्याने दिलं.

मग मिस्त्रींनी आम्हा दोघांना गाडीखाली वाकायला लावलं. "नोड्री सर," म्हणाले आणि बॅटरीचा उजेड पाडला. मागच्या आसाला काळा रंग नवा होता. पाटे जिथे बसतात त्या बैठकांना वेल्डिंगच्या ताज्या रेघा होत्या. कंपनीची पत्र्याची चकती असते तिथे काहीच नव्हतं. "आधीच्या मालकानं दुसऱ्या गाडीचा अख्खा आस आणून बसवलाय. आर.सी. बुकात चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. डिफरन्शियलचा नसतो की!"

वाचकहो, आपल्या भागात जुनी पिकअप घेणारी घरं थोडी नाहीत. भाजी, दूध, गूळ, पेंड, मंडपाचं सामान, सगळं त्यावरच चालतं. घेताना आपण इंजिनचा आवाज ऐकतो, टायर बघतो, कर्ज किती फिटलंय विचारतो. वजन मात्र मागच्या आसावर असतं आणि तिकडे कोणी बघत नाही. त्या दिवशी मिस्त्रींनी जे दाखवलं ते मी वहीत उतरवून घेतलं, ते इथे देतो.

आधी डिफरन्शियल हवं कशाला? पंधरा ऑगस्टच्या कवायतीत मुलांची रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्याला जवळजवळ पळावं लागतं. चाकांचंही तसंच. दोन चाकांत दीड मीटर अंतर धरलं, तर गाडी पूर्ण उलटी वळवताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त चालतं. बैलगाडीत हा प्रश्न येत नाही, कारण आस स्थिर असतो आणि दोन्ही चाकं त्यावर आपापली फिरतात. पण इंजिनला चाकं फिरवायची असतात. दोन्ही एकाच दांड्याला पक्की बांधली तर वळणावर एक घासणार. म्हणून मधे दात्यांची अशी जोडणी बसवली की ताकद दोघांना मिळावी आणि वेग मात्र ज्याचा त्याला घेता यावा. वाफेच्या गाडीसाठी अशा जोडणीचं पेटंट ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच माणसाने १८२७ साली घेतलं होतं.

आता ओळखायचं कसं? पहिली खूण चाकाच्या मध्यभागी. तुंबा चाकातून बाहेर आलेला असेल आणि चाकाच्या नटांच्या आत, त्या तुंब्यावर, बोल्टांचं आणखी एक लहान कडं दिसत असेल, तर तो फुल फ्लोटिंग आस. मधला भाग सपाट आणि फक्त चाकाचे नट दिसले, तर बहुधा सेमी फ्लोटिंग. शोभेची टोपी असेल तर ती काढून बघावं.

नावं अवघड वाटली तर पुन्हा बैलगाडी आठवा. फुल फ्लोटिंगमध्ये चाकाच्या दोन्ही बेअरिंग बाहेरच्या नळीवर बसतात. वजन ती नळी घेते, बैलगाडीच्या आसासारखी. आतल्या शाफ्टचं काम फक्त फिरवायचं. बाहेरचे बोल्ट काढले की चाक जमिनीवर असतानाच शाफ्ट ओढून काढता येतो, आणि शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. म्हणून जड ट्रकांना हाच आस असतो. सेमी फ्लोटिंगमध्ये शाफ्ट चाक फिरवतोही आणि बाहेरच्या टोकाला वजनही पेलतो. हलका, स्वस्त, ठरलेल्या वजनापुरता चांगला. पण जास्त भार टाकून तो बाहेरच्या बाजूला तुटला, तर तुकड्यासकट चाकच निघून जाऊ शकतं. गाडी घाटात असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

दुसरी खूण मागे बसून बघायची. डिफरन्शियलच्या गोल पोटाला मागच्या बाजूने बोल्टांनी आवळलेलं झाकण असेल आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या मधल्या बिडाच्या तुकड्यात दाबून बसवलेल्या असतील, तर तो सॅलिसबरी पद्धतीचा. त्याचं काम मागून झाकण उघडून करतात. मागची बाजू बंद आणि बोल्टांचं कडं पुढे, प्रॉपेलर शाफ्टच्या बाजूला असेल, तर तो बँजो पद्धतीचा. त्यातला दात्यांचा सगळा संच पुढून एकदम बाहेर निघतो. बँजो म्हणजे वरातीत वाजतो तो बेंजो नव्हे. गोल पोट आणि लांब दांडा असलेलं परदेशी तंतुवाद्य, त्याच्या आकारावरून हे नाव पडलं. झाकणाचा आकार आणि बोल्टांची संख्या कागदावर उतरवून घ्यावी. अमेरिकेतल्या जड पिकअपमध्ये जनरल मोटर्सचा एक आस तर 'चौदा बोल्टवाला' याच नावाने ओळखला जातो.

तिसरी खूण मोजायची. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते, हे प्रमाण. मिस्त्रींनी आमचं मोडकं क्राऊन पुसून दात्यांना खडू लावत मोजलं : ४१. पिनियन : १०. म्हणजे ४.१. त्याच जातीच्या आसात ३९ आणि ८ चाही जोड असू शकतो, म्हणजे जवळजवळ ४.९. तो बसेल, गाडी चालेलही. घाटात ओढ वाढेल, पण सपाटीला त्याच वेगासाठी इंजिन जास्त फिरेल आणि डिझेल जास्त जाईल. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर पुढचं आणि मागचं प्रमाण एकच हवं, नाहीतर दोघं एकमेकांना ओढून मधला गिअरबॉक्स खाणार. आणि क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून बदलायचे ते जोडीनेच.

चौथी खूण लॉकची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि मागची दोन्ही चाकं मजबूत स्टँडवर उचललेली. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं डिफरन्शियल. त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप किंवा लॉक झालेलं. चिखलात एकच चाक जागेवर गरागरा फिरतं तो साध्याचा दोष, त्यावरचा हा उपाय. मात्र काही गाड्यांतला आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक दोन चाकांच्या वेगात बराच फरक पडल्यावरच लागतो. तो हाताने फिरवून कळत नाही, त्याला आसावरची चकती किंवा गाडीचं पुस्तकच बघावं लागतं. आणि एकच चाक उचलून इंजिन कधी चालू करू नये. लॉक लागला तर गाडी स्टँडवरून उडी घेईल.

एक गंमत मला नंतर वाचताना सापडली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे फुल फ्लोटिंग आस होता, प्रमाण ४.८८. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये तिची नागरी आवृत्ती आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांना तोच फुल फ्लोटिंग, नंतरच्यांना सेमी फ्लोटिंग, आणि प्रमाण ५.३८. नाव तेच, तोंडावळा तोच, मागचं पोट वेगळं. म्हणजे कंपनीच्या हातूनसुद्धा असं होतं, तर तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या गाडीचं काय घेऊन बसलात!

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरहून बरोबर जोड आला. या वेळी मोडका क्राऊन पिशवीत घालून भाचा स्वतः घेऊन गेला होता. संध्याकाळी मेहुणे पैसे घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मिस्त्रींनी हात पुसत त्यांना गाडीखाली वाकवलं आणि ते वेल्डिंग दाखवलं. गाडी मेहुण्यांनीच पसंत केली होती. बराच वेळ ते वाकूनच राहिले.

आवाज आधीपासून येत होता, तो घाटापर्यंत ओढायला नको होता, हे भाच्याने कबूल केलं. मालही थोडा जास्त होता. पण सगळा दोष त्याचा नव्हता, हे त्या काळ्या रंगाखाली स्पष्ट दिसत होतं.

जोड बसल्यावर मिस्त्रींनी शेवटची परीक्षा घेतली. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं. डिफरन्शियल साधं असेल तर उचललेलं चाक पूर्ण दोन फेरे फिरवायचं. तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल ते प्रमाण. शाफ्टवर खडूची खूण केली. मेहुणे चाक फिरवायला बसले, भाचा खाली शाफ्टपाशी.

"ओंदु... येरडु... मूरु... नाकु..." दोन फेरे पुरे झाले तेव्हा खडूची खूण चौथ्या फेऱ्याच्या किंचित पुढे थांबली होती. "चार आणि थोडं," मिस्त्री म्हणाले. "बरोबर."

मेहुणे उठले, धोतराचा सोगा झटकला. पोराकडे न बघताच म्हणाले, "मुंदिन गाडी नीनऽ नोडी तगो."

पुढची गाडी तूच बघून घे. ते खोकं अजून आमच्या माळ्यावर आहे. कुणाच्या आसाला त्या भोकांचं क्राऊन बसत असेल, तर आधी खाली वाकून बघा आणि मग या.