परसबागेचा पहिला वाफा

घरची ताजी भाजी खावी, ही हौस पुष्कळांना असते. परंतु आरंभ बहुधा टोमॅटोपासून होतो आणि उत्साहाचा शेवटही तेथेच होतो. रोप तयार होण्यास सुमारे चार आठवडे, लावणीनंतर फळ हाती येण्यास आणखी दोन-अडीच महिने, दररोज निदान सहा तास ऊन, आधाराच्या काठ्या आणि वर किडीचा व्याप! नवशिक्याने हा भार उचलू नये. पहिला वाफा पालेभाजीचाच असावा आणि त्यातही मेथीचा, असे आमचे सांगणे आहे. ती २५ ते ३० दिवसांत काढणीस येते, चार तासांच्या उन्हावर भागते आणि स्वयंपाकघरातील डब्यातले दाणेही बहुधा उगवतात. बदलीची नोकरी असणाऱ्यांनाही ती सोयीची. हुकूम हाती पडण्यापूर्वी भाजी ताटात पडलेली असते.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. पाच वर्षांखालील बालकांत तर हे प्रमाण ६७ होते. एका वाफ्याने रक्तक्षय हटणार नाही आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही थांबवावयाच्या नाहीत. तथापि जुडी महागली की घरात पालेभाजी येईनाशी होते, ती या वाफ्यामुळे येत राहील. तिच्यावर लिंबू पिळावे, म्हणजे तिच्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते.

पेरणीची वेळ मात्र प्रदेश पाहून ठरवावी. दिल्ली-लखनौकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. मे-जूनच्या झळांत तेथे मेथीचा हट्ट न धरता माठ पेरावा. मुंबई-कोकणात मुसळधार पाऊस ओसरू द्यावा. चेन्नईस मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, म्हणून तेथे जानेवारी बरा. बंगळूरच्या सौम्य हवेत वर्षातील बराच काळ चालतो.

अंगण नसल्यास वीतभर खोल खोके किंवा जुने घमेले पुरते. बुडाशी छिद्रे हवीतच. माती व चांगले कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घ्यावे. माती चिकट असेल तर थोडी वाळू मिसळावी. ताजे शेण घालू नये, त्याने कोवळी मुळे जळतात. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून अर्धा पेर खोल, ओळीने पेरावेत. वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरला, तर सारी भाजी एकदम येऊन शेजारी वाटण्याची पाळी येत नाही. (वाटली तरी बिघडत नाही म्हणा!) चिमण्या-कबुतरे दाणे टिपतात, अंकुर येईपर्यंत जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा.

आता पाण्याविषयी. नवशिक्यांची रोपे तहानेपेक्षा अतिलाडाने अधिक मरतात. अंकुर फुटेपर्यंत माती ओलसर ठेवावी. पुढे मात्र बोट पेरभर खुपसून पाहावे आणि आत कोरडे लागले तरच झारीने हलके पाणी द्यावे, शक्यतो सकाळी. सतत चिखल राहिला की देठ मातीलगत कुजतात आणि एका रात्रीत रोपे आडवी होतात. पानांच्या मागे मावा दिसल्यास प्रथम पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा. तेवढ्याने भागले नाही, तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व किंचित साबण मिसळून सायंकाळी फवारावे.

मेथी जमली की कोथिंबीर पेरावी. धणे हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करावेत. ते वर येण्यास आठ ते पंधरा दिवस घेतात आणि तोवर माती उकरून पाहण्याचा मोह मुलांना आवरत नाही. त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात मुळ्याचे चार दाणे टोचून द्यावेत; ते चार-पाच दिवसांतच डोके वर काढतात.