मोबाईल हेच आता शेतकऱ्याचे दप्तर

इगतपुरी तालुक्याचे नाव भाताच्या पिकासाठी, घोटीच्या बाजारपेठेसाठी आणि घाटमाथ्यावरील मुसळधार पावसासाठी सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये हे नाव अगदी निराळ्या कारणाने देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. केंद्रीय अन्वेषण विभागाने, म्हणजे सीबीआयने, येथील एका रिसॉर्टच्या भाड्याने घेतलेल्या जागेत छापा घातला आणि तेथे चाललेले बनावट कॉल सेंटर उघडकीस आणले. अ‍ॅमेझॉन कंपनीच्या ग्राहकसेवेतून बोलत आहोत अशी बतावणी करून अमेरिका, कॅनडा आदी देशांतील लोकांस फसविण्याचा उद्योग तेथून चालला होता, असे त्या खात्याचे म्हणणे आहे. छाप्याच्या वेळी ६२ नोकर प्रत्यक्ष कामावर आढळले. ४४ लॅपटॉप, ७१ मोबाईल, १ कोटी २० लाख रुपयांची रोकड आणि अर्धा किलो सोने जप्त झाले. पाच इसमांस अटक झाली. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. त्याविषयी आम्ही येथे काही लिहीत नाही. आमच्या शेतकरी बंधूंनी त्यातून घ्यावयाचा धडा मात्र आजच घेण्याजोगा आहे.

तो धडा असा की, असल्या लुबाडणुकीत कोणी कुलूप फोडीत नाही, कोणी भिंतीस भगदाड पाडीत नाही. गोड बोलून अथवा धाक घालून मालकाच्याच हातून किल्ली काढून घ्यावयाची, एवढीच काय ती युक्ती. परदेशांतील ज्या लोकांस लक्ष्य केले जात होते ते संपन्न देशांतील, यंत्रांस सरावलेले लोक होते. तेव्हा ‘आम्ही शिकलेसवरलेले, आम्हांस कोण फसविणार’ ही समजूत जितकी पोकळ आहे, तितकीच ‘आम्ही लहान शेतकरी, आमच्याजवळ चोरण्यासारखे आहे तरी काय’ ही समजूतही पोकळ आहे. भामट्यास एका घरातून लाख रुपये मिळाले काय आणि शंभर घरांतून हजार हजार मिळाले काय, त्याच्या लेखी दोन्ही सारखेच.

आमच्याजवळ काय आहे, ह्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पूर्वी घरातील खतपत्रे, पावत्या आणि कर्जरोखे लाकडी पेटीत असत व तिची किल्ली घरधन्याच्या कमरेस असे. आता ती पेटी निराळी झाली आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला. २०१९ पासून केंद्राचे सन्माननिधीचे वर्षास सहा हजार रुपये आणि २०२३ पासून राज्याचे तितकेच रुपये थेट खात्यात जमा होऊ लागले. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. जमीन, पीक, अनुदान, कर्ज आणि बँकेतील शिल्लक ह्या साऱ्यांचे दोर एका आधार क्रमांकास आणि एका मोबाईल क्रमांकास बांधले गेले आहेत. म्हणून तो मोबाईल केवळ बोलण्याचे यंत्र राहिलेला नाही. तो शेतकऱ्याचे दप्तर झाला आहे. दप्तर उघडे टाकून रानात जाणारा कुणबी पूर्वी कोणी पाहिला नसेल. मोबाईल कोणाच्याही हाती देणारे मात्र आज गावोगाव दिसतात.

ह्या ठिकाणी जुन्या इतिहासाचे स्मरण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. त्या असंतोषाची कारणे अनेक होती. तथापि कागदात काय लिहिले आहे हे न समजता अंगठा उठविण्याची रीत हे त्यांतील एक होते. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्याचे दस्त गावच्या नोंदणी-अंमलदारापुढे करण्याची तजवीज केली, आणि सावकाराने पावती व हिशेब द्यावा असे बंधन घातले. वाचल्यावाचून अंगठा उठवू नये, हे शहाणपण आमच्या पूर्वजांनी जमिनी गमावून मिळविले. आज मोबाईलवर येणारा ओटीपी हा त्याच अंगठ्याचा नवा अवतार होय. तो दुसऱ्यास सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे.

आणि खराखुरा अंगठाही धोक्याबाहेर नाही. आधारशी जोडलेल्या खात्यातून केवळ बोटाच्या ठशावर पैसे काढण्याची सोय खेड्यांतून रूढ झाली आहे; वृद्धांस व निरक्षरांस ती उपकारकही आहे. परंतु २०१८ साली तेलंगणात एका इसमाने जमिनीच्या नोंदविलेल्या दस्तांवरील ठसे संकेतस्थळावरून उतरवून त्यांच्या रबरी प्रतिकृती केल्या आणि त्यांच्या आधारे दुसऱ्यांच्या नावे सिमकार्डे चालू केली. पुढे अशाच रीतीने खात्यांतून पैसे काढल्याचेही प्रकार अनेक राज्यांत उघडकीस आले. ज्याने ज्याने जमिनीचे खरेदीखत केले, त्याचा ठसा सरकारी दप्तरात आहे. म्हणजे हा प्रश्न जमीनधारकाच्या अगदी उंबऱ्यावरचा आहे. ह्यावर आधार प्राधिकरणाने बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय विनामूल्य दिली आहे. रेशनच्या दुकानी अथवा ई-केवायसीच्या वेळी कुलूप तेवढ्यापुरते उघडावे लागते, हा थोडा त्रास खरा. पण कोठारास कडी घालण्याचा त्रास कोणी शेतकरी चुकवीत नाही.

फसवणुकीच्या रीती वरवर नाना दिसल्या तरी मूळ दोनच: लोभ आणि भीती. ‘पीएम किसान’ अशा नावाची एपीके फाइल गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येते; बहुधा ती ओळखीच्याच माणसाकडून आलेली असते, कारण त्याचा मोबाईल आधीच भामट्याच्या ताब्यात गेलेला असतो. ती फाइल बसविली की ती संदेश वाचण्याची परवानगी मागते. परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी मालकाच्या आधी भामट्यास कळतो. हा झाला लोभाचा मार्ग. भीतीचा मार्ग असा की, पोलिसाच्या अथवा न्यायाधीशाच्या वेषात कोणी व्हिडिओवर येऊन ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे’ असे बजावतो व सुटकेसाठी पैसे मागतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे घरातील लहानथोर सर्वांस ठाऊक असले पाहिजे.

पुष्कळांचा भ्रम असा असतो की, बोलणारा आपले नाव, गाव आणि गट क्रमांक बिनचूक सांगतो, तेव्हा तो खात्याचाच माणूस असला पाहिजे. परंतु सातबारा कोणासही पाहता येतो, आणि जमिनीचे व्यवहार उघड असावेत म्हणून तो तसा पाहता येणे योग्यच आहे. अर्थात गट क्रमांक ठाऊक आहे एवढ्यावरून कोणी तलाठी ठरत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ज्या भागात रस्ते येतात तेथे जमिनीवर दूरदूरच्यांची नजर जाते. त्या नजरा सर्वच स्वच्छ असतील असे मानून चालणे धोक्याचे आहे.

तेव्हा करावे काय? आमच्या मते पुढील गोष्टी प्रत्येक शेतकरी कुटुंबाने ह्याच महिन्यात कराव्यात. मोबाईलला कुलूपाचा आकडा घालावा, आणि तो जन्मसालाचा नसावा. सिमकार्डासही स्वतंत्र आकडा घालता येतो, तो घालावा. कोणतेही अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. संदेशातून आलेली एपीके फाइल, ती सख्ख्या भावाने पाठविली असली तरी, उघडू नये. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही, हे वाक्य घरात सर्वांकडून पाठ करून घ्यावे. पीककर्जाची व विक्रीची मोठी रक्कम ज्या खात्यात असेल ते यूपीआयस जोडू नये. रोजच्या व्यवहारास थोड्या शिलकेचे दुसरे खाते ठेवावे. जेथे चालेल तेथे आधारची पहिली आठ अंके झाकलेली प्रतच द्यावी, आणि झेरॉक्सवर कारण व तारीख लिहून सही करावी. सेवा केंद्रातील मुलास मोबाईल सोपवून चहास जाऊ नये. काम संपल्यावर आपली कागदपत्रे तेथील संगणकातून आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यावीत. संचार साथी ह्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावे किती सिमकार्डे चालू आहेत हे पाहता येते. त्यांत परके आढळल्यास तेथेच कळवावे. घरातील वृद्ध आईवडिलांच्या व ज्यांच्या नावे जमीन आहे त्या स्त्रियांच्या मोबाईलचीही तजवीज अशीच करावी, कारण भामटा अशा एकट्या माणसासच प्रथम गाठतो.

इतके करूनही घात झालाच, तर लाज धरून गप्प बसणे हा सर्वांत मोठा तोटा होय. खळ्यावर चोरी झाली तर आपण ओरड करतो. मग खात्यातील चोरीविषयीच तोंड का झाकावे? १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसा पुढल्या पुढल्या खात्यांत पांगण्यापूर्वी तो गोठविता येण्याचा संभव पहिल्या काही तासांतच अधिक असतो. त्याबरोबरच बँकेस लेखी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली व्यापारी बँकांसाठी, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही, असा दंडक घातला की, ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसता तिऱ्हाइताच्या कृत्याने पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर त्याजवर तोशीस पडू नये. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे. ह्यावरून प्रत्येक घटकेचे मोल किती आहे हे ध्यानात येईल.

येथवर शेतकऱ्याचे कर्तव्य सांगितले. परंतु सारा बोजा त्याच्याच खांद्यावर टाकून मोकळे होणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. २०२२ साली असे उघडकीस आले की, सन्माननिधीच्या सरकारी संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेरच्यास मिळू शकत होते. एका संशोधकाने ही उणीव जानेवारीत निदर्शनास आणली आणि मे महिन्यात ती बुजविली गेली. ज्या शेतकऱ्याने कोणासही ओटीपी दिला नाही, कोणतीही फाइल उघडली नाही, त्याचाही क्रमांक अशा वेळी उघडा पडतो. त्यात त्याचा अपराध तो कोणता?

आणि सरकारकडे बोट दाखविताना आपल्या संस्थांकडेही पाहिले पाहिजे. लाभार्थ्यांच्या याद्या नाव, आधार क्रमांक, मोबाईल आणि खाते क्रमांक ह्यांसह व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकण्याची सवय आमच्या सोसायट्यांत व ग्रामपंचायतींत बोकाळली आहे. सचिवाची सोय होते, हे खरे. पण गावच्या सोयीसाठी गावाचे दप्तर वेशीवर टांगण्यासारखे हे आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक सोसायट्यांचे संगणकीकरण करण्याचे ठरविले. संगणक आला, पण त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवून ठेवला, तर जुनी चोपडी अधिक सुरक्षित होती असे म्हणण्याची पाळी येईल. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि माहिती बाळगणाऱ्यांची बहुतेक कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी अमलात येण्याचे ठरले. माहिती जपण्यात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. त्या मुदतीची वाट न पाहता प्रत्येक सोसायटीने येत्या सभेत ठराव करावा की, सभासदाचा आधार वा खाते क्रमांक कोणत्याही गटावर टाकला जाणार नाही, आणि पूर्वी टाकलेल्या याद्या काढून घेतल्या जातील. ह्यास एक पैचाही खर्च नाही.

मोबाईल टाकून द्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. बाजारभाव, हवामान, सातबारा आणि अनुदान ही त्याने घरपोच आणली. तालुक्याचे हेलपाटे वाचविले. विहिरीत कोणी पडेल म्हणून विहीर बुजवीत नाहीत. तिला कठडा बांधतात. तसा कठडा बांधण्याचे काम प्रत्येक घरधन्याने आपल्या घरी आणि प्रत्येक सोसायटीने आपल्या कचेरीत हाती घ्यावे, अशी आमची आमच्या सर्व शेतकरी बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.